आवाज पोचेल तेवढं गाव

बोरखडीचा नकाशा तालुक्याच्या कचेरीत आहे म्हणतात. असेलही. बन्सी कोतवालाने तो एकदा पाहिला होता आणि त्याचं मत फारसं चांगलं झालं नव्हतं. नकाशात भैरोबाचं देऊळ नदीच्या अलीकडे दाखवलं होतं. ते देऊळ नदीच्या पलीकडे आहे, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक आहे.

बन्सीचा नकाशा वेगळा होता, आणि तो त्याच्या डोक्यात होता. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, गर्भगिरीचे डोंगर जिथे दमून खाली बसतात, तिथे हे गाव. मंगळवारी बाजार भरला की शहर वाटतं, बुधवारी सकाळी पुन्हा गाव होतं. एस्टी स्टँड, दोन हॉटेलं, एक हायस्कूल, दगडी चावडी, पिठाच्या तीन गिरण्या आणि पावसाळा सोडला तर कोरडी पडलेली बोरी नदी. हे सगळं बन्सी अकरा तुकड्यांत मोजायचा, कारण त्याच्या दवंडीच्या जागा अकरा होत्या. चावडीपाशी पहिली, गिरणीच्या कोपऱ्यावर दुसरी, अशी करत करत अकरावी नदीकाठच्या लिंबाखाली. एका जागेवरून दिलेला आवाज जिथे विरतो, तिथे दुसरी जागा सुरू. आवाज पोचेल तेवढं गाव, हा त्याचा साधा हिशेब होता.

आवाज मात्र खरोखर देवानेच... नाही, असं म्हटलं तर बन्सी रागवेल. त्याच्या बापाने दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले देव गेले आणि खुंटीवरची हलगीही गेली. "गावाला जे सांगायचं ते तोंडानं सांगू, कातड्यानं न्हाई," असं बाप म्हणाला आणि पुढची वीस वर्षं घसा फोडून दवंडी देत राहिला. बन्सीला कोतवाली आणि घसा दोन्ही बापाकडून मिळालं. त्याची बायको विमलबाई म्हणायची, "ह्यांनी घरात मीठ मागितलं तरी स्टँडवर कळतंय."

अकरा जागांभोवतीची सगळी घरं आणि घरातली माणसं त्याला पाठ होती. कुणाकडे सून आली की एक वाढवायचा, कुणाची मुलगी नांदायला गेली की एक कमी करायचा. चावडीत कुणी गंमत म्हणून विचारलं, "बन्सी, आज गाव किती?" की तो डोळे मिटून, ओठ हलवून आकडा सांगायचा. लोक हसायचे. आकडा खोटा आहे असं सिद्ध मात्र कुणी केलं नाही.

नदीपलीकडे, भैरोबाच्या मागे, सोनमाळ नावाची वस्ती होती. नाव ठेवणाऱ्याने थट्टा केली असावी. तिथे मुरूम आणि कुसळं यांशिवाय काही उगवत नसे. अडतीस घरं. बन्सीची अकरावी दवंडी वारा चांगला असला तर तिथे पोचे, नाहीतर नदीतच बुडे. आणि पोचली तरी वर्षातले सहा महिने ऐकायला तिथे असायचं कोण? दिवाळी झाली की सोनमाळ कोयते घेऊन ऊसतोडीला निघायचा. मागे उरायची म्हातारी माणसं, दारावरची कुलपं आणि कुत्री.

एक्क्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत शिरगणतीचे गुरुजी आले होते. उन्हाने घामाघूम, जाड, बुटात खडा गेलेले. नदीकाठच्या लिंबाखाली बसून त्यांनी विचारलं, "पलीकडे किती माणसं रे?"

"कुलपं हायेत साहेब. म्हातारी-कोतारी धरून अठ्ठावन."

गुरुजींनी अठ्ठावन्न लिहिलं आणि बूट झटकून परत निघाले. बन्सीने खरं तेच सांगितलं होतं. त्या दिवशी सोनमाळावर अठ्ठावन्नच माणसं होती.

तीन वर्षांनी सोनमाळच्या लोकांनी शाळेचा अर्ज केला. पोरांना शाळेसाठी नदी ओलांडून यावं लागे. पावसाळ्यात नदीला पाणी, आणि पाणी ओसरलं की आईबापांबरोबर कारखान्याला. मग शाळेत जायचं कधी? वस्तीवरच शाळा झाली तर पोरं आजीपाशी राहतील, असा साधा विचार होता. एक साहेब आले, चावडीत बसले, कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "दोनशे माणसांच्या आत असेल तर शाळा देता येत नाही. इथे तर अठ्ठावन्न आहेत."

बन्सी तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. अठ्ठावन्न हा आकडा त्याने लगेच ओळखला. स्वतःच्या हाताने घातलेली गाठ माणूस जशी ओळखतो, तशी. त्या दिवसापासून त्याच्या छातीत एक खडा राहिला. तो कुणाला बोलला नाही, पण पुढची सात वर्षं सोनमाळची पोरं नदीकाठी शेळ्या राखताना दिसली की तो मान दुसरीकडे वळवायचा.

आता नव्वद साल आलं. उन्हाळ्यात घरयादी करायला भांगरे गुरुजी नावाचा तरणाबांड मास्तर आला. हा अकोले तालुक्याचा, भाताच्या खाचरांत वाढलेला. बोरखडीची जमीन पाहून पहिले चार दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. कामाला मात्र चोख. गेरूचा डबा आणि कुंचा घेऊन तो दारोदार फिरला, प्रत्येक भिंतीवर ठळक नंबर घातले आणि वहीत नोंदले. सोनमाळावरही गेला. एक ते अडतीस. वर म्हणाला, "आता फेब्रुवारीत मोजणी म्हणजे हातचा मळ."

एक्क्याण्णवच्या नऊ फेब्रुवारीला मोजणी सुरू झाली. गावठाण उरकून गुरुजी अकराव्या दिवशी बन्सीला घेऊन नदी ओलांडून सोनमाळावर गेले आणि मधोमध उभे राहिले. सगळ्या भिंती पांढऱ्याफेक होत्या. एकाही घरावर नंबर नव्हता.

"नंबर कुठे गेले?" गुरुजींचा आवाज पातळ झाला.

बन्सीला हसू आवरेना. "दसऱ्याखाली गेले गुरुजी."

"म्हणजे?"

"दसऱ्याला आमच्याकडं बायका घरं रंगवत्यात. चुना मारत्यात. तुमी उन्हाळ्यात आकडं लिवलं, त्यांनी दसऱ्याला पुसलं. भिताडावर डाग कोन ठेवील?"

तेवढ्यात केशरबाई काठी टेकत बाहेर आली. सोनमाळावरची सगळ्यात म्हातारी. तिने गुरुजींकडे पाहिलं. "तूच का रं आमच्या भिती खराब करनारा? मी दोन हात चुना दिला तवा त्यो लाल डाग गेला बघ."

गुरुजींनी वही उघडली, मिटली. अडतीस घरं, सगळी सारखी, बहुतेकांना कुलूप. कुठलं कितवं, देवाला ठाऊक. बन्सीने त्यांच्या हातातला गेरूचा डबा घेतला. "चला. ह्ये पहिलं. केसरकाकूचं. त्येच्या शेजारी दोन, हनुमंत मुकादमाचं. वळनावर तीन..." अडतीसही घरं त्याने न चुकता सांगितली आणि गुरुजींनी वहीशी ताडून पाहिली. एक चूक निघाली, पण ती वहीची होती.

काम संपल्यावर दोघे केशरबाईच्या ओसरीवर बसले. गुरुजींनी बेरीज केली. "हजर माणसं एकसष्ट."

"आन बाकीची?"

"बाकीची जिथे आहेत तिथे मोजतील. कारखान्यावर."

छातीतला खडा हलला. मग त्याने एक्क्याऐंशीची सगळी गोष्ट सांगितली. अठ्ठावन्न कुणी सांगितले तेही सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. केशरबाई ऐकत होती. तिने त्याच्यापुढे गुळाचा खडा सरकवला.

"सगळी धरून किती होतात?" गुरुजींनी विचारलं.

बन्सीने डोळे मिटले. ओठ हलले. "दोनशे चौदा."

"चौदा जास्तच आहेत की," गुरुजी म्हणाले आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "पण मला लिहिता नाही यायचं. माणूस समोर नसताना लिहिणं हा गुन्हा आहे."

"गुन्हा कशाला करायचा? मला नियम सांगा."

गुरुजींनी पिशवीतून छापील पुस्तक काढलं आणि सावकाश वाचलं. माणूस इथला राहणारा असला आणि नऊ ते अठ्ठावीस फेब्रुवारी यांच्यात कधीही घरी असला, तर घरी मोजायचा. सगळेच्या सगळे दिवस बाहेर असला, तर बाहेर.

"कदीबी म्हंजी... येक दिवस आला तरी?"

"एक दिवस?" गुरुजींनी ते वाक्य पुन्हा वाचलं. बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं. "हो. एक दिवस आला तरी."

बन्सी उठला आणि केशरबाईच्या भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन उभा राहिला. तिसरी पास असला तरी तारखा त्याला चांगल्या वाचता येत. फेब्रुवारीच्या शेवटच्या चौकोनावर त्याने बोट ठेवलं. अठ्ठावीस, गुरुवार. आणि त्याखाली छापलं होतं: होळी.

"काकू, सोनमाळावर होळी कवा पेटली हुती शेवटची?"

"पेटती की दर वर्साला," केशरबाई म्हणाली. "मी पाच गवऱ्या रचते, येक पोळी टाकते, आन माजी मीच बोंब मारते. दात न्हाईत, बोंब बी धड येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बन्सी पहाटेच्या एस्टीने निघाला. विमलबाईने भाकरी बांधून देताना विचारलं, "भाऊसाहेबांची परवानगी घेतली का?" भाऊसाहेब म्हणजे तलाठी.

"इचारलं तर न्हाई म्हनतील."

"आन न इचारता गेलं तर?"

"तर मागून म्हनतील."

विमलबाईने भाकरीत आणखी एक मिरची ठेवली. तिची परवानगी अशीच असायची.

कारखान्याच्या भागात उतरला तेव्हा दुपार झाली होती. डाव्या-उजव्या हाताला नुसता हिरवागार ऊस, पाटाचं पाणी. एकाच जिल्ह्यात इतकं पाणी असू शकतं हे बन्सीला दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागे. उसाच्या कडेला पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्यांची रांग होती. सोनमाळ तिथे उतरला होता. माणसं तोडून, मोळ्या बांधून, गाड्या भरून आली होती. कुणाच्या अंगावर राख, कुणाच्या हाताला चिंध्या.

हनुमंत मुकादम बाजेवर बसला होता. हाही सोनमाळचाच, दुसऱ्या नंबरचा. त्याने बन्सीचं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"न्हाई जमायचं कोतवाल. कारखाना काय होळीला बंद ऱ्हात न्हाई. टोळी हलली तर मला जबाब द्यावा लागतो."

"येका दिवसाचा सवाल हाय."

"येक दिवस तुमाला वाटतो. बैलांचं काय? गाड्यांचं काय? जा, चा घ्या आन जा."

बन्सी चहा न घेता उठला. कोप्यांच्या मधोमध एक मोकळी जागा होती, तिथे गेला. त्याच्या चौदा वर्षांच्या नोकरीत त्याने हुकमाशिवाय एकही दवंडी दिलेली नव्हती. वीज बिलाची, लसीची, हरवलेल्या म्हशीची, सगळ्या हुकमाने. आता समोर ना चावडी, ना भाऊसाहेब, आणि गाव तर पस्तीस कोसांवर. त्याने डाव्या कानावर हात ठेवला.

"ऐका सोनमाळकर! बोरखडीचा बन्सी बोलतोय! शिरगनती लागलीय! धा वर्सांमागं मीच सांगितलं हुतं, सोनमाळावर अठ्ठावन मानसं! त्या अठ्ठावनानं तुमची साळा गेली! चूक माजी हाय! आता अठ्ठावीस तारखेला, होळीला, दिस मावळायच्या आत जो घरी येईल त्यो घरी मोजला जाईल! जो न्हाई येनार त्यो उसात मोजला जाईल! केसरकाकू धा वर्सं येकटी होळी पेटवतीय! मी होळी पाळत न्हाई, तुमी पाळता! या घरी!"

कोप्यांतून माणसं बाहेर आली. चुलीवरचे तवे तसेच राहिले. मग हनुमंत मुकादम पुढे आला. तो चिडला होता, पण डोळे चिडलेले नव्हते.

"आमी आलो तर साळा व्हनार, ह्ये लिहून देतो का?"

"लिहून देनारा मी कोन?" बन्सी म्हणाला. "पर न्हाई आला तर व्हनार न्हाई, ह्ये लिहून देतो."

हनुमंतने खाली पाहिलं आणि पायाने पाचट सारलं. "जा तुमी. गाडी चुकंल."

होही नाही, नाहीही नाही. एवढंच उत्तर घेऊन बन्सी परतला.

तलाठी भाऊसाहेबांना बातमी त्याच्या आधी पोचली होती. कारखान्यावरून कुणीतरी सांगितलं असणार. "कुणाच्या हुकमाने दवंडी दिलीस?" त्यांनी चावडीत सगळ्यांसमोर विचारलं.

"गावाबाहेर दिली भाऊसाहेब. तिथं तुमचा हुकूम चालत न्हाई."

चावडीत बसलेले हसले, भाऊसाहेब हसले नाहीत. "एक तारखेला बघू," ते म्हणाले. हे "बघू" काय असतं, ते बन्सीला माहीत होतं. वडिलांची कोतवाली त्याच्यापाशी जेमतेम टिकली होती.

पुढचे सहा दिवस भांगरे गुरुजींनी एक उद्योग केला. बन्सीला समोर बसवून घराघरातल्या माणसांची नावं, वयं, नाती विचारली आणि एकेका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून काढली. "माणूस समोर आला की शाई लावायची," ते म्हणाले. "नाही आला तर खोडायचं." एकशे त्रेपन्न चिठ्ठ्या झाल्या. गठ्ठा सुतळीने बांधून ठेवला.

अठ्ठावीस तारीख उजाडली. सकाळीच गुरुजी सोनमाळावर टेबल मांडून बसले. केशरबाईने आणि इतर म्हाताऱ्यांनी यंदा पाच गवऱ्यांवर भागवलं नाही. अंगणातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या आणून रचल्या. दहा वाजले. बारा वाजले. रस्ता उन्हात पांढरा पडला होता. दोनची एस्टी आली, त्यातून भांड्यांचा एक व्यापारी उतरला. बन्सी नदीच्या लिंबाखाली, आपल्या अकराव्या जागी उभा होता. त्याला वाटत होतं की आपण एकदा खरं सांगून वस्तीचं वाटोळं केलं, आणि आता खोटी आशा दाखवून म्हाताऱ्यांची होळीही नासवली.

साडेतीनला गुरुजी नदीपर्यंत चालत आले. "तात्या, ऊन लागेल. सावलीत बसा."

"सावलीतच हाय," बन्सी म्हणाला. लिंबाची सावली केव्हाच सरकली होती, तो उन्हात उभा होता.

चार वाजून गेल्यावर घाटाच्या वळणावर धूळ उठली. पहिल्यांदा एक ट्रक, मागे दुसरा, मागे एक टेम्पो. ट्रकवर माणसं दाटीवाटीने उभी होती आणि कुणीतरी आतापासूनच बोंब मारत होतं. पहिला ट्रक लिंबापाशी थांबला. हनुमंत मुकादम ड्रायव्हरच्या शेजारून उतरला. चेहरा काळवंडलेला, डोळे लाल.

"दोन दिस रात न बगता तोडला," तो म्हणाला. "कारखान्याला म्हनलं, आमचा माल आदीच घ्या. नऊ मानसं बैलांपाशी ठेवलीत, त्येंची मोजनी हितं व्हनार न्हाई. सकाळी परत जायचंय. मोजा लवकर."

बन्सीने मान हलवली आणि सगळ्यांच्या पुढे नदी ओलांडायला लागला.

मग सोनमाळावर जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. कुलपं निघाली. दाराबाहेर माणसं आपापल्या भिंतीला लागून उभी राहिली, गेरूच्या ताज्या नंबराखाली. बन्सी पुढे, गुरुजी मागे, त्यांच्या मागे टेबल उचलून दोघे जण. बन्सी नाव पुकारायचा, माणूस "हाय" म्हणायचा, गुरुजी पेन्सिलीवर शाई फिरवायचे. कुणी वय विचारल्यावर लाजायचं, कुणी बायकोचं नाव सांगताना. एका घरात नवं बाळ निघालं, कोपीत जन्मलेलं; बन्सीच्या डोक्यात ते नव्हतं, त्याने ते तिथल्या तिथे घालून घेतलं. पुढे आणखी एक निघालं. सगळे हसले.

सतराव्या घरापाशी बन्सीने पुकारलं, "शेवंता. शेवंताचा नवरा महादू. सासू. थोरला, धाकटा. मुक्ता, वय चार."

पाच जणांनी "हाय" म्हटलं. सहाव्या नावाला कुणी बोललं नाही. शेवंताने पदर तोंडाला लावला. महादू म्हणाला, "पौषात गेली. ताप हुता. उसातून रस्त्याला आनेपर्यंत..." त्याने वाक्य सोडून दिलं.

पेन्सिलीने लिहिलेली मुक्ता गुरुजींच्या समोर होती. त्यांनी खिशातून खोडरबर काढला.

"लिहा की तिला बी," शेवंता म्हणाली. "साळंसाठीच चाललंय ना ह्ये समदं? साळा हितं असती तर ती म्हातारीपाशी ऱ्हायली असती. उसात आलीच नसती. तिला लिहा."

गुरुजींचं वय असेल पंचवीस. पुस्तकात यावर काही नव्हतं. बन्सीने मध्ये पडायला हवं होतं, पण बन्सीला आठवत होते फक्त अठ्ठावन्न. तेव्हा दोनशे सांगितले असते तर? मुक्ता जन्मायच्या आधीच शाळा झाली असती.

"लिहिता येत नाही, ताई," शेवटी गुरुजी हळू म्हणाले. "पण खोडत नाही." त्यांनी रबर खिशात ठेवला आणि ती चिठ्ठी गठ्ठ्यातून काढून वहीत वेगळी ठेवली. मग ते अठराव्या घराकडे वळले.

दिवस मावळता मावळता शेवटच्या घराची शाई वाळली. होळीपाशी सगळे जमले होते, पेटवायचं थांबले होते. गुरुजींनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि कागद बन्सीकडे दिला. "तुम्ही सांगा. आवाज तुमचा आहे."

बन्सीने कागद पाहिला. मग डाव्या कानावर हात ठेवला.

"सोनमाळ! दोनशे सहा!"

मग होळी पेटली आणि अशी बोंब उठली की नदीपलीकडे गावठाणात लोक बाहेर येऊन बघायला लागले. केशरबाईने बन्सीच्या हातावर पुरणपोळी ठेवली. "तू पाळत न्हाईस म्हाईत हाय," ती म्हणाली. "पोळी पाळायची नसती, खायची असती." बन्सीने खाल्ली.

एक तारखेला भाऊसाहेबांनी काय बघितलं, ते काही कळलं नाही. मामलेदार कचेरीतून मोजणीचं काम वेळेत आणि नीट झाल्याबद्दल शाबासकी आली, त्यात भाऊसाहेबांचं नाव पहिलं होतं. त्यांनी बन्सीला बोलावून चहा पाजला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

शाळा व्हायला दोन वर्षं लागली. सरकारी काम, त्याला घाई कशी असेल? अर्ज पुन्हा गेला, साहेब पुन्हा आले, कागद पुन्हा उलटसुलट झाले, पण या खेपेला कागदावर दोनशे सहा होते. त्र्याण्णवच्या जूनमध्ये भैरोबाच्या मंडपात पहिला वर्ग भरला. बेचाळीस पोरं. त्या दिवाळीनंतर सोनमाळावर म्हाताऱ्यांबरोबर पोरांचाही आवाज राहिला. बन्सीने दवंडीची बारावी जागा धरली: शाळेसमोरचा दगड.

पण बन्सीला विचारलंत तर तो शाळेची गोष्ट सांगत नाही. तो सांगतो एक्क्याण्णवच्या दसऱ्याची. मोजणी होऊन आठ महिने झाले होते, शाळेचा अजून पत्ता नव्हता. कसल्याशा नोटिशीसाठी तो नदी ओलांडून सोनमाळावर गेला. बायकांनी नेहमीप्रमाणे घरं रंगवली होती. भिंती पांढऱ्याफेक. आणि प्रत्येक भिंतीवर गेरूचा नंबर जसाच्या तसा होता. चुन्याचा हात नंबराच्या कडेकडेने फिरवलेला, आत एक थेंब नाही. काही जणींनी तर फिका पडलेला आकडा नव्या गेरूने गिरवला होता.

"काकू, यंदा डाग ऱ्हायला की भितीवर," तो केशरबाईला म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुन्यांदा मोजाया आले तर सापडाया नगं का आमी?"

सतराव्या घरापाशी शेवंता पायरीवर बसून भिंतीच्या कडेचा चुना फडक्याने पुसत होती. बन्सीला बघून उठली नाही. नंबराकडे बोट करून म्हणाली, "ह्या घरात गुरुजींनी पाच लिवलेत. मी सहा धरते."

बन्सीने डोळे मिटले नाहीत, ओठही हलवले नाहीत. हा आकडा त्याला मोजावा लागत नव्हता.

"मी बी सहाच धरतो," तो म्हणाला आणि अठराव्या घराची नोटीस काढत पुढे गेला.